वीज मुंबईला, राख चंद्रपूरला

चंद्रपूरहून निघालेली एक वीजवाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटर अंतर कापून कल्याणजवळच्या पडघ्याला पोहोचते. पाचशे किलोव्होल्ट दाबाची ही वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. एका वेळी दीड हजार मेगावॉट वीज विदर्भातून कोकणाकडे नेण्याची तिची क्षमता आहे. कोळसा विदर्भात, कारखाने आणि शहरे पश्चिमेला. मग कोळसा वाहून नेण्यापेक्षा वीज वाहून नेलेली बरी, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. पण तारेतून फक्त वीज जाते. राख, धूर आणि खोकला मागेच राहतो.

हवामान बदलाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा हिमनद्या, समुद्राची पातळी आणि जागतिक परिषदा यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंश सेल्सिअसने अधिक उष्ण ठरले, असे जागतिक हवामान संघटनेने नोंदवले आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एके काळी दहा लाखांत २८० भाग होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहे. परंतु ज्या इंधनामुळे हे घडते, तेच इंधन त्याच चिमणीतून आजच्या आज माणसे आजारी पाडते. हवामान बदलाचे परिणाम भोगायला नातवंडांची वाट पाहावी लागते, असे कोणाला वाटत असेल तर त्याने चंद्रपूरला एक हिवाळा काढावा.

दोन गोण्या कोळसा

आधी एक घरगुती हिशेब करू. मध्यमवर्गीय कुटुंबाचा महिन्याचा वापर दीडशे युनिट धरा. ही सगळी वीज कोळशापासून आली असे मानले, तर भारतीय कोळशाच्या प्रतीनुसार एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे किलो. सिमेंटच्या दोन गोण्यांएवढा कोळसा आपल्या नावाने जळतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असते. त्यामुळे त्या दोन गोण्यांमागे पस्तीस-चाळीस किलो राख उरते. ती आपल्या अंगणात पडत नाही, म्हणून बिलावर दिसत नाही.

आता हाच हिशेब मोठा करू. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. सगळे संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर दिवसाला सात कोटी युनिट वीज तयार होते. त्यासाठी जवळपास ४९ हजार टन कोळसा लागेल, म्हणजे कोळशाच्या सुमारे बारा मालगाड्या. त्यातून १७ हजार टनांच्या आसपास राख निघेल. संच रोज पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे कमी असतात. पण प्रमाण लक्षात यायला एवढे पुरे.

या राखेचा मोठा भाग अतिशय बारीक असतो आणि धुरासोबत वर जातो. ती अडवण्यासाठी चिमणीच्या आधी विद्युतभारावर चालणारी राखसंकलक यंत्रणा बसवलेली असते. ही यंत्रणा चांगली चालली तर ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडते. तरीही १४ हजार टन उडणाऱ्या राखेपैकी साडेनव्याण्णव टक्के पकडली, असे धरले तरी उरलेला अर्धा टक्का म्हणजे रोजचे सत्तर टन. यंत्रणेची देखभाल थोडी ढिली पडली की हा आकडा झपाट्याने वाढतो. टक्केवारी कानाला गोड वाटते. फुप्फुसांना मात्र टक्केवारी कळत नाही, त्यांना वजन कळते.

पकडलेल्या राखेचे काय होते, हाही प्रश्न आहेच. काही राख सिमेंट, विटा आणि रस्त्यांसाठी जाते. उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली जाते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या गावांत, शेतांत आणि नाल्यांत शिरले. उन्हाळ्यात बंधारे कोरडे पडले की हीच राख वाऱ्यावर उडते. पावसाळ्यात पाण्यातून आणि उन्हाळ्यात हवेतून, अशी तिची बारमाही ये-जा चालू असते.

निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे

जुलै २०२५ मध्ये एक चांगली बातमी आली. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी पन्नास टक्के क्षमता आता जीवाश्म इंधनाशिवायची आहे, असे केंद्र सरकारने जाहीर केले. सुमारे ४८५ गिगावॉटपैकी २४३ गिगावॉट. हे उद्दिष्ट २०३० पर्यंत गाठायचे होते. ते पाच वर्षे आधीच गाठले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सौरऊर्जेची क्षमता शंभर गिगावॉटच्या पलीकडे गेली. या कामगिरीचे कौतुक करायलाच हवे.

पण अनेकांनी ही बातमी 'देशातली निम्मी वीज आता स्वच्छ झाली' अशी वाचली. तसे नाही. क्षमता आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प महाराष्ट्रात वर्षभरात साधारण पंधरा-सोळा लाख युनिट वीज देतो, कारण रात्री सूर्य नसतो आणि पावसाळ्यात ढग असतात. एक मेगावॉट कोळसा क्षमता सत्तर टक्के वापरली गेली तरी साठ लाखांहून अधिक युनिट देते. म्हणजे एका कोळसा मेगावॉटची जागा घ्यायला सुमारे चार सौर मेगावॉट लागतात. म्हणूनच क्षमतेत निम्म्यावर आलो तरी २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष वापरलेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. त्याच वर्षात देशाच्या कोळसा उत्पादनाने प्रथमच एक अब्ज टनांचा टप्पा ओलांडला. सौर आणि कोळसा दोन्ही एकाच वेळी वाढत आहेत. कारण विजेची मागणीही वाढते आहे.

या मागणीला आपण केवळ चैन म्हणू शकत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची वीजमागणी २५० गिगावॉटवर गेली, तेव्हा उत्तर आणि मध्य भारत उष्णतेच्या लाटेत होरपळत होता. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे तर दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त ठिकाणांच्या यादीत असतातच. पंचेचाळीस अंशांत पंखा आणि कूलर हे औषधच असते. रात्रीचे तापमान उतरले नाही की शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि दिवसभर उन्हात राबलेले मजूर यांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. ऊन वाढले म्हणून वीज हवी, वीज हवी म्हणून कोळसा जाळायचा, आणि कोळसा जाळला म्हणून ऊन वाढायचे. हे दुष्टचक्र तोडायचे आहे, पण पंखा बंद करून नव्हे.

फुप्फुसांचा हिशेब

कोळशाच्या धुरातील घटकांपैकी आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे पीएम २.५, म्हणजेच अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे हे कण नाकातील केसांत किंवा घशातल्या कफात अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा आणि जुनाट खोकला एवढ्यावरच प्रकरण थांबत नाही. रक्तवाहिन्यांचा दाह वाढतो, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो, गर्भवतींमध्ये कमी वजनाच्या बाळाची शक्यता वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला पाच मायक्रोग्रॅमवर आणली. भारतीय मानक चाळीसचे आहे. 'मानकापेक्षा कमी' असे फलकावर लिहिलेली हवाही आरोग्यसंघटनेच्या मर्यादेच्या सात-आठपट असू शकते, ते यामुळे. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतातील सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवा प्रदूषणाशी जोडलेले होते. यात चुलीचा धूर, वाहने, बांधकामाची धूळ, कचरा जाळणे असे सगळेच आले. दोष एकट्या वीज केंद्रांचा नाही. परंतु एकाच जागी, एकाच यंत्रणेच्या ताब्यात असलेला आणि म्हणून आटोक्यात आणायला तुलनेने सोपा असा हा स्रोत आहे. लाखो चुली बदलणे कठीण असते. एका चिमणीवर यंत्रणा बसवणे हा निर्णयाचा आणि पैशांचा प्रश्न असतो.

आणि नेमका हाच निर्णय गेली दहा वर्षे पुढे ढकलला जात आहे.

गंधकाचा प्रश्न

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी नवे नियम काढले. धुरातील सल्फर डायऑक्साइड कमी करण्यासाठी चुनखडीच्या साहाय्याने गंधक शोषून घेणारी, 'एफजीडी' या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा बसवणे त्यामुळे भाग होते. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना या अटीतून सूट दिली. राजधानी परिसर किंवा दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना २०२७ अखेरपर्यंत ही यंत्रणा बसवावी लागेल. अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा हवेचे मानक न पाळणारी शहरे यांच्याजवळच्या केंद्रांबाबत तज्ज्ञ समिती प्रत्येक प्रकरण तपासून ठरवेल. तिथे मुदत २०२८ अखेरची. उरलेल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक संचांना, चिमणीच्या उंचीच्या अटीवर, मोकळीक.

सूट देणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का असतो. बहुतेक शहरांत हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आढळतो. यंत्रणा महाग आहे, ती चालवायला वीज लागते, त्यामुळे थोडा अधिक कोळसा जळतो, चुनखडी खणावी आणि वाहावी लागते, आणि अखेर प्रतियुनिट काही पैशांचा भार ग्राहकावर येतो.

पण हे मुद्दे मोजून पाहायला हवेत. अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. ४९ हजार टन कोळशाचा अर्धा टक्का म्हणजे दोनशे पंचेचाळीस टन गंधक. जळताना गंधकाला त्याच्याच वजनाएवढा प्राणवायू चिकटतो, म्हणून वायूचे वजन दुप्पट होते. थोडे गंधक राखेत राहते असे धरले, तरी पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या चंद्रपूरसारख्या एका केंद्रातून दिवसाला साडेचारशे टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड बाहेर पडू शकतो. कोळसा स्वच्छ आहे म्हणायचे आणि तो डोंगराएवढा जाळायचा, तर त्या स्वच्छतेला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे असे की हा वायू वायूच्या रूपात फार काळ टिकत नाही. हवेत काही तासांपासून काही दिवसांत त्याचे सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि हे कण पीएम २.५ मध्येच मोडतात. वाऱ्यासोबत ते शेकडो किलोमीटर जातात. उंच चिमणीमुळे जवळच्या वस्तीला थोडा दिलासा मिळतो, दूरच्या वस्तीला प्रदूषण मिळते. म्हणून चिमणीजवळ सल्फर डायऑक्साइड मोजून 'सगळे ठीक आहे' म्हणणे म्हणजे ताप काखेत मोजायचा सोडून उशीवर मोजण्यासारखे आहे. त्याच कारणाने 'शहरापासून दहा किलोमीटर' ही रेषाही नकाशावरच शोभते. हवा ती पाळत नाही.

चंद्रपूर यात दुसऱ्या गटात बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात होते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही ते मानक न पाळणारे शहर म्हणून नोंदले गेले. म्हणजे इथला निर्णय 'तपासून ठरवू' या सदरात आहे. विजेसाठी लागणाऱ्या कोळशासोबत चुनखडीही याच जिल्ह्यात निघते आणि कोरपना-राजुरा पट्ट्यातील सिमेंट कारखान्यांना गंधक शोषल्यावर तयार होणारे जिप्सम लागते. चुनखडीची प्रत तपासावी लागेल, हे मान्य. पण वाहतुकीचा खर्च हे कारण इथे तरी सहज पुढे करता येणार नाही.

हे आपल्याच राज्यात पूर्वी घडलेले आहे. डहाणूच्या औष्णिक केंद्राला २००७ पासून गंधक शोषणारी यंत्रणा आहे. देशात ती सर्वांत आधी बसवणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी ते एक. त्यामागे चिकू बागायतदारांचा आणि स्थानिक कार्यकर्त्यांचा दीर्घ लढा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने हा आग्रह सोडला नाही. डहाणूच्या चिकूसाठी जे शक्य झाले, ते चंद्रपूरच्या मुलांसाठी का नाही, हा प्रश्न विचारायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

रात्रीचे ओलीत, दिवसाचे ऊन

कोळशाची जागा काय घेणार, याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील एक योजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. त्यांना वर्षानुवर्षे आलटूनपालटून वीज मिळत आली: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री वीज आली की शेतकऱ्याला काळोखात ओलितासाठी जावे लागते. साप, विंचू, रानडुक्कर, बिबट्या आणि ओल्या जमिनीत विजेचा धक्का. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यातले बहुसंख्य ग्रामीण भागातले. यातले सगळे रात्रीच्या ओलिताचे नव्हेत. पण विजेचे वेळापत्रक हासुद्धा आरोग्याचा प्रश्न असतो, हे शेतकऱ्याच्या घरच्यांना कोणी सांगायला नको.

एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये वीज उपकेंद्रांच्या आसपास लहान सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची कल्पना आहे. उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचे आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेतील पहिला तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. ही वीज साधारण तीन रुपये युनिटने पडते, ती जवळच वापरली जाते म्हणून गळती कमी होते आणि जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. शेतीच्या पाण्याला रात्रीच वीज हवी असे काही नसते. सूर्य असताना पंप चालला की झाले. म्हणून सौरऊर्जेची सर्वांत मोठी अडचण, म्हणजे ती फक्त दिवसा मिळते ही, शेतीत अडचण राहत नाही. या योजनेतले खरे शहाणपण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

इशारा एकच. दिवसा भरपूर आणि फुकट वीज मिळू लागली की पंप बंद करायचे कारण उरत नाही. भूजल आधीच खोल गेलेल्या तालुक्यांत विजेचा प्रश्न सुटून पाण्याचा प्रश्न वाढू शकतो. ठिबक, पीकपद्धती आणि भूजलाची मोजणी या गोष्टी सोबत आल्या नाहीत, तर एका संकटातून दुसऱ्यात जाऊ.

संध्याकाळी सहानंतर

खरी परीक्षा मात्र संध्याकाळची आहे. सूर्य मावळतो, त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर चालू होतात. दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी, अशी स्थिती निर्माण होते. ही दरी आज मुख्यतः कोळसा भरून काढतो. ती भरण्यासाठी वीज साठवावी लागेल. बॅटरीच्या किमती २०१० नंतरच्या काळात सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या आहेत, त्यामुळे काल अशक्य वाटणारे आज निविदेत दिसू लागले आहे. दुसरा मार्ग सह्याद्रीला नवा नाही. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. अशा अनेक नव्या प्रकल्पांची आखणी राज्यात सुरू आहे. पश्चिम घाटातील जंगल आणि तिथली गावे यांचा विचार करूनच जागा निवडाव्या लागतील. एका भागाची हवा वाचवण्यासाठी दुसऱ्या भागाचे रान बळी देणे हा उपाय नव्हे.

घरच्या पातळीवरही काही करता येते. छतावर सौर पॅनेल बसवायला 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटपर्यंत कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. गीझर, कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर ही कामे संध्याकाळऐवजी दुपारी उरकली, तर पैसा न घालता कोळसा वाचतो. मात्र हे सांगताना एक भान ठेवायला हवे: भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला स्वतःचे छत नसते आणि दिवसभर कामावर असणारी बाई दुपारी कपडे धुऊ शकत नाही. वैयक्तिक सवयींनी मदत होते, पण व्यवस्थेची जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येत नाही.

खाणीनंतरचे गाव

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद केले. १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीज केंद्र सुरू करणारा देश १४२ वर्षांनी त्यातून बाहेर पडला. २०१२ पर्यंत तिथली सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाची होती. २०१५ मध्येच 'दहा वर्षांत कोळसा बंद' अशी मुदत जाहीर झाली, त्यामुळे सर्वांना तयारीला वेळ मिळाला. पण त्याच देशाने १९८० च्या दशकात खाणी घाईने बंद केल्या, तेव्हा खाणगावे उद्ध्वस्त झाली आणि त्यांच्या जखमा पिढीभर भरल्या नाहीत. एकाच देशाने दिलेले हे दोन धडे आहेत. शिवाय त्यांची वीजमागणी घटत होती, आपली वाढते आहे. म्हणून त्यांचा वेग आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष ठरवले आहे, ते या वास्तवामुळेच.

घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर, वणी या पट्ट्यात कोळसा म्हणजे नोकरी, ट्रकचा हप्ता, चहाची टपरी आणि मुलांची फी. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला जुन्या भूमिगत खाणीवरच्या वस्तीतले एक घर जमिनीत गडप झाले आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. खाण संपली तरी ती गावाखाली राहते, याची ती आठवण होती. या पट्ट्यातील माणसांना 'कोळसा वाईट आहे' असे मुंबई-पुण्यातून सांगणे सोपे आहे. त्यांना त्याऐवजी काय मिळणार, हे सांगणे अवघड आहे. खाणबाधित भागांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी निर्माण झाला. पिण्याचे पाणी आणि आरोग्य हे त्याचे अग्रक्रम ठरले आहेत. तो निधी रस्ते आणि इमारतींत संपवायचा, की श्वसनविकारांची नियमित तपासणी, हवेची मोजणी आणि तरुणांच्या नव्या कौशल्यांवर खर्च करायचा, हा निर्णय जिल्ह्यातच होतो. तिथे दबाव आणणे नागरिकांच्या हातात आहे.

कोळसा उद्या सकाळी बंद होणार नाही. पुढची पंधरा-वीस वर्षे तरी तो आपल्यासोबत असणार. म्हणूनच 'पुढे सौर येणारच आहे, मग आता चिमणीवर खर्च कशाला' हा युक्तिवाद धोकादायक आहे. पंधरा वर्षांत एक मूल बालवाडीतून महाविद्यालयात जाते. त्याची फुप्फुसे याच काळात घडतात. स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचा वेग वाढवणे आणि तोवर जळणारा कोळसा शक्य तितका स्वच्छ जाळणे ही दोन कामे एकमेकांना पर्याय नाहीत. दोन्ही एकदमच करावी लागतील.

चंद्रपूरसाठीचा निर्णय २०२८ च्या मुदतीपूर्वी व्हायचा आहे. समिती काय तपासणार, फक्त सल्फर डायऑक्साइड की त्यापासून बनणारे सूक्ष्म कणही? मोजणी कुठे होणार, केंद्राच्या कुंपणाशी की वाऱ्याच्या दिशेने असलेल्या गावांत? रुग्णालयांतील श्वसनविकारांच्या नोंदी समितीसमोर येणार का? आणि तिचा अहवाल मराठीत, लोकांना वाचता येईल असा प्रसिद्ध होणार का? हे प्रश्न आता, निर्णयाआधी विचारायचे आहेत. आणि ते फक्त चंद्रपूरकरांनी विचारून चालणार नाही. वाहिनीच्या पडघ्याकडच्या टोकाला राहणाऱ्यांनीही विचारायला हवेत. कारण वीज त्यांच्याही घरात आली आहे.